दुसऱ्या अंकातला सत्कार

काष्टी,
सोमवार

तीर्थस्वरूप साळूअक्कास, धाकट्या सहादेवाचा दंडवत. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? इकडे गाय व्याली, कालवड झाली, बाकी ठीक. (ठीक काही नाही, पण पत्राची सुरुवात रडून कशी करायची?) फोनवर तुझा आवाज ऐकला की मला बोलता येणार नाही, म्हणून लिहितोय.

तुला जमणार नव्हतं म्हणून शनिवारी नगरला तुझ्या मोनिकाचं नाटक बघायला मी एकटाच गेलो. भाचीची पहिली मोठी भूमिका, रिकाम्या हाताने कसं जायचं? पिशवीत नारळ, शाल, फेटा घेतला. नाटक जुनं, गाजलेलं. बड्या घरची माणसं एकमेकांशी गोड गोड खोटं बोलत चहा पितात (दीड तास पितात, बिस्किटाचं नाव नाही). मोनिका त्या घरची मालकीण. तिचा नवरा झालेला गंधार पाहुण्यांना टाळायला कपाटामागे लपतो आणि ही सांगते, "ते पुण्याला गेलेत." लोक हसून बेजार!

आता आपल्या जत्रेत कसं असतं, तुला ठाऊक आहे. खेळ रंगला की मध्येच वर जाऊन सत्कार करायचा. नट हात जोडतो, खेळ पुढे चालू. मला वाटलं, गंधारराव कपाटामागे रिकामेच उभे आहेत, तेवढ्यात उरकून घ्यावं. चढलो वर. "पाव्हनं, बाहेर या, सत्कार हाय," म्हणत दंडाला धरून ओढलं, फेटा बांधला (पोरगं हलत होतं, तरी नीट बांधला), नारळ दिला, वर काष्टीकरांच्या वतीने दोन शब्दही बोललो. लोक टाळ्या पिटत होते. मला मेल्याला वाटलं, माझ्यासाठीच!

निभावलं ते मोनिकाने. "अगंबाई, पुण्यात सत्कार झाला वाटतं!" म्हणून तिने नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि मला मामा म्हणून हातात कप देऊन पाहुण्यांच्या रांगेत उभं केलं. (कप रिकामा होता.)

नाटक संपल्यावर आत गेलो. पोर रंग पुसत रडत होती. म्हटलं, "चुकलो गं, तुझं नाटक मोडलं." ती म्हणाली, "नाटक मी सांभाळलं, मामा. पण नारळ त्याला दिलात. मी तिथंच उभी होते ना?"

अक्का, जीव गेला असता तर बरं, असं झालं. चाळीस मैलांवरून भाचीसाठी गेलो आणि परक्या पोराला फेटा बांधून आलो. सत्कार म्हटला की बाप्याच डोळ्यांपुढे येतो, ही आपली सवय. लाज वाटते.

तुझा,
सहादेव

ता.क. मोनिका फोन उचलत नाही. मामा माफी मागतोय, एवढं सांग.

ता.क. दुसरा. येत्या रविवारी पुन्हा प्रयोग आहे. तिच्यासाठी पैठणी आणि नारळ घेतलाय. या वेळी पडदा पडल्यावरच वर जाईन. पण पडदा मध्यंतरालाही पडतो गं. तेव्हा गुडघा दुखला तरी तू ये, शेजारी बस, आणि शेवटपर्यंत माझा सदरा घट्ट धरून ठेव.