टेकडीवरची उसनी ताटं

कंपोंग नीबोंग, केलांतान
८ शाबान, मंगळवार

धाकट्या जुसोहला थोरल्याचा सलाम.

इथे सगळे खुशाल. भात कापून झाला, नदी उतरली. नव्या भट्टीतून चाळीस मडकी निघाली, एकालाही तडा नाही. उस्तादाशिवाय हे जमतं, हे तू कधी कबूल केलं नाहीस. असो.

माझी मुलगी मेलोर आठ वर्षांची झाली. गेले अकरा दिवस दुपार कलतानाची असरची अजान संपली की तिला दुसरी अजान ऐकू येते, टेकडीवरच्या जंगलातून. तिथे माणूस राहत नाही. बुनियान राहतात, दिसत नसले तरी तेही आपल्यासारखेच नमाजी, असं आई सांगायची.

काल ती नमाजासाठी हातपाय धुऊन, वजू करून तिकडे गेली. परतताना ओढ्यापाशी गाठली. म्हणाली, तिथल्या एक काकू विचारत होत्या, तुमच्याकडचं आमचं ताट कधी येणार? ते येईपर्यंत तूच राहा. त्यांनी केळीच्या पानात भातही वाढला.

त्यांचं अन्न खाल्लेला माणूस परत येत नाही.

"खाल्लास?"

"कसा खाणार, आबा? सोमवारचा रोजा होता ना माझा."

आजही तिला रोजा धरायला लावलाय. तिची आई माझ्याशी बोलत नाही. आठ वर्षांची पोर, किती दिवस उपाशी ठेवू?

आता जे लिहायचं टाळत होतो, ते लिहितो. तुझ्या निकाहाच्या जेवणासाठी आईने टेकडीच्या खडकापाशी बुनियानांकडे तुझ्या नावाने ताटं मागितली होती. साठ आली, परत एकोणसाठ गेली. एक तू फोडलंस, असं गाव म्हणालं. त्यानंतर बुनियानांनी गावाला एकही ताट दिलं नाही, आणि लोकांनी टोमणे मारून मारून तुला शहरात धाडलं. मी मान खाली घालून चाक फिरवत होतो.

ताट फुटलं नव्हतं. मी ठेवून घेतलं. त्याचा निळा रंग कसा चढवलाय ते शोधायचं होतं. नऊ वर्षं, तीनशे बारा वेळा भाजून पाहिलं. जमलं नाही.

काल ते खडकावर ठेवून आलो. घरी पोचतो तर माझ्याआधी ओट्यावर हजर. ज्याच्या नावाने मागितलं, त्याच्याच हातून बुनियान ते परत घेणार.

पत्र आणणाऱ्या नावाड्याबरोबरच निघ. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी. शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर मी सगळ्यांसमोर बोलेन. तू नाही आलास तरी बोलेन.

ज्याला दादा म्हणणं तू सोडलंस आणि बरोबर केलंस, तो
देराउफ