लेन्सचा डावा कोपरा

मंगळवार, ३ मार्च

आली! लेन्स आली. खोका केवढा, आत कागदाचे बोळे केवढे, आणि मधोमध ती — दुधाच्या पेल्याएवढी. मुंगी म्हणाली, "आजी, हात नको लावूस, काचेला बोट लागेल." आणि पुढच्या मिनिटाला स्वतःच माझ्या हातात दिली. दाखवल्याशिवाय राहवतंय कुठे. वाटते तेवढी जड नाही.

लहानपणी घरभर काही ना काही ओढून न्यायची म्हणून मी हिला मुंगी म्हणायला लागले. सव्वीसची झाली तरी नात माझी मुंगीच.

तर काम असं आहे. कॅमेऱ्यांचं एक मासिक आहे. त्यांना लेन्स तपासून त्यावर लिहिणारं माणूस हवंय, कायमचं. संपादकबाई मुंगीला म्हणाल्या, ही तपास, सोळा तारखेला लिहून पाठव, मग बघू. चार वर्षं झाली पोर पासपोर्ट फोटोच्या दुकानात उभी आहे. हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका. दिवसभर दुसऱ्यांना हसू नका सांगून घरी येते ती तसंच तोंड घेऊन. आज हसली. दात दिसले.

बुधवार, ४ मार्च

आज माझी शिकवणी झाली. लेन्सवर एक कडं आहे, ते फिरवायचं. एका टोकाला सोळा, दुसऱ्या टोकाला पस्तीस. सोळावर आख्खी खोली मावते, पस्तीसवर माणूस माणसासारखं दिसतं. कॅमेरा बिनआरशाचा. आधी आत आरसा असायचा म्हणे, आता काढून टाकला. मी म्हटलं, बरं झालं, आरशापायी माझाही वेळ फार गेलाय. आणि आतला ज्या तुकड्यावर फोटो उमटतो तो मोठा आहे, त्यामुळे लेन्सला अगदी कडेपर्यंत चोख काम करावं लागतं. हे मला सांगावं लागलं नाही. कापडाचा पन्हा मोठा असला की शिवणाऱ्याचे हाल कडेलाच होतात.

मग आमच्या न्हाणीघराचा फोटो काढला. काय सांगू! त्या न्हाणीघरात वाकून पाय धुवायचे तर दार उघडं ठेवावं लागतं. फोटोत असं दिसतंय की आत दहा माणसांची सभा भरेल. मुंगी म्हणाली, "म्हणून तर घरं विकणारे ही लेन्स वापरतात." लबाड कुठले.

मग मला फोटोच्या कडेला उभं केलं. मी पसरले की हो! दंड असा, जसा काही उशीचा अभ्रा. मधे उभी राहिले तर चवळीची शेंग. मुंगी म्हणाली, "हा लेन्सचा दोष नाही, एवढं रुंद बघायचं म्हटलं की कडेचं ताणलं जातंच." मी म्हटलं, मग यापुढे माझी जागा मधेच.

शुक्रवार, ६ मार्च

मुंगीची सुट्टी. दिवसभर मी फोटोंसाठी नुसती उभी. दारात, खिडकीत, जिन्यात, गल्लीच्या तोंडाशी. पाय भरून आले. फार मजा आली.

शनिवार, ७ मार्च

आज जेवणाच्या खोलीतली भिंत वर्तमानपत्राने मढवली. कपाट सरकवलं, तसबिरी उतरवल्या, सोळा पानं चिकटवली, शेजारी शेजारी, फट न ठेवता. मी खळ लावून देत होते, मुंगी स्टुलावर चढून चिकटवत होती. समोर ट्रायपॉड. कारण काय तर अक्षरं बारीक असतात, फोटो मोठा करून बघितला की लेन्स कुठे धूसर आहे ते कळतं. भिंतीच्या खाली डावीकडे हवामानाचं पान आलं, वर उजवीकडे छोट्या जाहिराती.

शेजारचे घड्याळजी आले. घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला काच लावून बसायची सवय, त्यामुळे काच म्हटली की जगात आपल्याएवढं कुणाला कळत नाही. म्हणाले, "आजी, काचेचं मला विचारा." मुंगीने संगणकावर फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी चारी कोपरे धडाधड वाचले. हवामानाचं तर न अडखळता. "अव्वल. लिहून टाक." मुंगी खुशीत. मीही खुशीत. इंटरनेटवर जगभरच्या लोकांनी या लेन्सचं कौतुकच केलंय, मुंगीने मला दाखवलं. शिवाय संपादकबाईंची चिठ्ठी होती खोक्यात — ही लेन्स सगळ्यांनाच फार आवडते.

घड्याळजी चहा पिऊन गेले. दोन कप.

रविवार, ८ मार्च

आता हे कसं लिहू?

दुपारी मुंगी झोपली होती. मी म्हटलं, आपणही बघावं. संगणकावर फोटो मोठा करायला तिने शिकवलंय, चाक फिरवायचं. उजवीकडून सुरुवात केली. वाचायला मला वेळ लागतो. चौथीपर्यंत शिकले, तेवढंच. मुंगी आख्खं वाक्य एका घासात गिळते, मी एकेक अक्षर चावून खाते. उजवा वरचा कोपरा वाचला — सायकल विकणे आहे, खोली भाड्याने देणे आहे. उजवा खालचा वाचला. डावा वरचा, जरा जड गेला पण वाचला. डाव्या खालच्या कोपऱ्याशी अडकले. 'ढगाळ' असेल असं वाटतंय, पण ढ आहे का द आहे का ट, दिसत नाही. चष्मा पुसला. तेच. परत उजवीकडे गेले, स्वच्छ. डावीकडे आले, पीठ उडाल्यासारखं.

मुंगी उठल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मला तर वाचता येतंय. हे बघ — आकाश अंशतः ढगाळ राहील."

मी म्हटलं, "बाई, तुला येणारच. आकाश म्हटल्यावर पुढे ढगाळच असणार हे तुला ठाऊक आहे. तू वाचत नाहीस, ओळखतेस."

 मग घड्याळजींचं आठवून मला हसू आलं. ते वर्तमानपत्र त्यांच्याच घरचं. सकाळी वाचून झाल्यावर त्यांनीच दिलेलं.

मंगळवार, १० मार्च

मुंगी दोन दिवस म्हणतेय, भिंतच वाकडी आहे. किंवा कॅमेरा तिरका लागलाय, डावी बाजू जरा लांब पडतेय. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. ती म्हणाली, "तसं नाही आजी, हे खरंच होतं. केसभर तिरका असला तरी एक कोपरा बिघडतो. कसं ठरवायचं भिंत की लेन्स?"

हे ती मला विचारते! गणवेशाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं मी कॉलर शिवल्या. शिवण एका बाजूला चुरगळायला लागली की पहिला प्रश्न हाच — कापड वाईट की मशीन? मुकादमाला विचारायला गेलं तर तो म्हणणार, तुझा हात वाईट. म्हणून आम्ही बायका एकच करायचो. कापड उलट टोकाने घालायचं. चुरगळ कापडाबरोबर फिरली तर दोष कापडाचा. मशीनच्या त्याच बाजूला राहिली तर मशीनचा. मग मुकादमाला बोलवायचं.

मी म्हटलं, भिंत काही फिरवता येत नाही, तर कॅमेरा उलटा कर.

तिने लगेच दुकानात फोन लावला.

मग दुकानातून अर्धी रजा. ट्रायपॉडचा मधला दांडा काढून खालून उलटा घातला, ट्रायपॉड जेवणाच्या टेबलावर चढवला. कॅमेरा वटवाघळासारखा लोंबतोय. पट्टीने मोजून मोजून मधोमध आणला. फोटो काढला आणि संगणकावर सरळ करून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "आजी, तूच वाच. मला ओळखता येतं."

हवामान आधी वाचलं. ढगाळ. ढ म्हणजे ढ, पोटासकट! आणि वर उजवीकडे, जिथे मी परवा सायकल विकणे आहे वाचलं होतं, तिथे पीठ उडालेलं. भिंत तीच, पानं तीच. धूसरपणा कॅमेऱ्याबरोबर फिरून समोरच्या कोपऱ्यात गेला. दोष लेन्सचा.

मी टाळी वाजवली. मुंगीने नाही वाजवली.

शुक्रवार, १३ मार्च

मुंगीचा बाप जेवायला आला होता. माझा मुलगा, पण बोलतो माझ्या बापासारखं. सगळं ऐकून म्हणाला, "सगळं जग चांगली म्हणतंय, बाईंनी चिठ्ठीत चांगली म्हटलंय, आणि ही पहिल्याच कामात वाकड्यात शिरणार. काम मिळू दे, मग काढ हवे तेवढे दोष."

मुंगी हळूच म्हणाली, लेन्सचा आतला डोळा बारीक केला की कोपरा बराच सुधारतो. तो म्हणाला, "बघ, मग तेवढंच लिही."

"सुधारतो, पण उजव्यासारखा होत नाही, बाबा."

"कोण बघणारे डावा खालचा कोपरा? तिथे लोक गवत ठेवतात."

मला म्हणाला, "आई, तू हिला भरीस घालू नकोस. तुझं काय जातंय?"

माझं काही जात नाही हे खरं. तिचं जाईल. मी भांडी आवरायला गेले. मुंगी मागे आली, म्हणाली, "तू काय केलं असतंस?" मी म्हटलं, मी तर चुरगळलेली कॉलर उसवायचे, पण मला मुकादमाचे टोमणेच खावे लागायचे, नोकरी जायची नव्हती. तुझं तू ठरव. मी काही तुला शूर हो म्हणणार नाही.

रविवार, १५ मार्च

दिवसभर लिहीत होती. संध्याकाळी मला वाचून दाखवलं. चांगलं ते सगळं आलंय — हलकी आहे, आवाज न करता नेम धरते, अगदी जवळचंही टिपते, सूर्य समोर असला तरी फोटो पांढरा पडत नाही, सोळावर सरळ रेघा जरा पोट काढतात पण कॅमेरा त्या सरळ करून देतो. मग लिहिलंय — लेन्स या जातीची चांगलीच असावी, जगभरचे फोटो तसं सांगतात. पण माझ्याकडे आलेल्या या एका नगाचा डावा खालचा कोपरा बिघडलेला आहे. हा नग विकत घेऊ नये. दुसरा मागवून पुन्हा तपासावा. खाली दोन्ही फोटो, सुलटा आणि उलटा.

आणि शेवटी लिहिलंय, कोपरे माझ्या आजीने वाचले.

मी म्हटलं, ते काढ, लोक हसतील. म्हणाली, "हसू देत. माझ्याकडे येणाऱ्यांना चार वर्षं मी हसू दिलं नाही."

सोमवार, १६ मार्च

पाठवलं. लेन्सही परत गेली. भिंतीवरची पानं काढली तर रंगही निघाला. मुंगीचा बाप म्हणेल तेव्हा म्हणेल.

गुरुवार, १९ मार्च

फोन नाही. मुंगी दुकानात जाते, येते. हनुवटी खाली. आज जेवताना फोन वाजला, दोघी उडालो. घड्याळजी होते, शेजारून फोन केला, साखर आहे का म्हणून.

वाटतं, मी दुपारी झोपले असते तर? पोरीने अव्वल लिहिलं असतं, आज काम हातात असतं. म्हातारीने एक अक्षर लागत नाही म्हणून सगळं उसवलं. मग वाटतं, ढ दिसत नव्हता तर नव्हता. मी काय खोटं दिसतं म्हणू?

तिला हे काही बोलले नाही. तिच्या खोलीत डोकावले तर ती फोटो बघत बसली होती, त्या पहिल्या दिवसांतले. न्हाणीघरात मी, उशीच्या अभ्र्याचे दंड. बघून हसत होती. मीही जाऊन बसले. खूप हसलो दोघी. काम मिळो न मिळो, हे तेरा दिवस छान गेले. हे लिहून ठेवते.

शनिवार, २१ मार्च

संपादकबाईंचा फोन आला. ती लेन्स नवी नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच हातून जिन्यावर पडली, आतली एक काच तिरकी झाली. दुरुस्त न करता मुद्दाम ठेवलीय. काम मागायला येईल त्याला तीच पाठवतात, चिठ्ठीही तीच. मुंगीच्या आधी सहा जण झाले. सहाही जणांनी लिहिलं — कोपऱ्यापर्यंत स्वच्छ.

मुंगीला एक तारखेपासून बोलावलंय.