तिसऱ्या हाकेपर्यंत मेलेले नाना

पुणे, रविवार

नाना, मी तुम्हाला मारलेलं नाही. तुम्ही गावभर सांगताय म्हणे, पुतण्यानं फोन दिला आणि त्या फोनात आपण मेलो. (सरितावहिनी, हे वाचताना हसू नका, नानांना कळतं.) पाया पडायचं राहिलंच, ते आता समजून घ्या. गुडघा कसा आहे? साक्रीच्या बाजाराला जाता का? मी बरा आहे. फोनच केला असता, पण तुम्ही तो उचलत नाही. कागद बरा, त्याला घाई नसते.

आता फोनातल्या त्या पेन्शनच्या अ‍ॅपचं. दर महिन्याला त्यातली बाई म्हणते, उखर्डू झुलाल, हयात असाल तर ओ द्या. मग पाच सेकंद थांबते, आणि तुम्ही गप्प. बोलवणारा ओळखीचा नसेल तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, भूत दोनदाच हाक मारतं, हे आईनं मलाही शिकवलंय. वहिनींनी कोपरानं ढोसलं तरी तुम्ही म्हणालात, "तिसरी हाक मारू दे, मंग देखसू." बाईनं तिसरी मारलीच नाही. तिनं लिहून टाकलं, कोणी नाही. असं तीन महिने झालं आणि तुमची अपंगांची पेन्शन बंद पडली.

मी जिथं चहा देतो त्याच कंपनीनं ते अ‍ॅप केलंय, हे मला माहीत नव्हतं. परवा एका टेबलावरून तीच बाई बोलली आणि माझ्या हातून दोन कप गेले. (पगारातून कापले.) मग मी तुमचं सगळं सांगितलं, तुम्हाला दिसत नाही हेही. बाकीचे हसले. रोहिणी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे एखाद्या अंध माणसाकडून तपासून घेतलं होतं का? साहेब म्हणाले, मी स्वतः डोळे मिटून तपासलंय. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला ते उघडता येत होते, सर." साहेबांनी चहा बाजूला ठेवला आणि ते बदलायला सांगितलं.

आता ती बाई आधी स्वतः कोण ते सांगते, तीनदा हाक मारते आणि माणूस बोलेपर्यंत थांबते. तेव्हा नाना, राग सोडा. शेळीलाही विचारलं म्हणून सांगा.

तुमचा
सुकलाल

ता. क. – दिवाळीत नाव नोंदवताना बाईनं तुमचा आवाज मागितला होता. तुम्ही तेव्हाही गप्प बसलात आणि माझी एसटी निघत होती. ती ओ मी दिली. म्हणजे तिच्या लेखी उखर्डू झुलाल मीच आहे. तुम्ही आता शंभरदा ओ दिलीत तरी ती ओळखणार नाही. हे मी मॅडमना सांगितलेलं नाही.

आणखी ता. क. – म्हणून वहिनींना घेऊन साक्रीच्या कचेरीत जा आणि आवाज नव्यानं द्या. आधीचा वेगळा का, असं विचारलं तर सर्दी झाली होती म्हणा. बुडालेली पेन्शन माझ्याकडे लागली. बंद पडल्यापासूनच्या तीन महिन्यांचे साडेचार हजार होतात. आज सातशे पाठवतोय.