भिंतीला कुठला हात लागला?

शनिवार संध्याकाळ, बसवनगुडी

आठवडाभर पोहून खांदे भरून आलेत, पण छळतोय तो सरांचा प्रश्न.

उद्या पन्नास मीटरची शर्यत. म्हणून आज सरांनी पाण्यात उतरूच दिलं नाही. काठावर बसवून हातात स्टॉपवॉच दिलं. डोळे मिटून मनातल्या मनात अख्खी शर्यत पोहायची. शिट्टी झाली की बटण दाबायचं, भिंतीला हात लागला की पुन्हा दाबायचं. तीन वर्षं हेच करतेय. आज वेळ अगदी बरोबर आली, पाण्यात लागते तेवढीच. मी खूश.

सर म्हणाले, "सरी." कन्नडात म्हणजे 'ठीक'. "पण भिंतीला कुठला हात लागला?"

उजवा असेल? मला हात दिसलाच नव्हता. दिसत होती लांबवर पाणी उडवत जाणारी निळी टोपी. माझीच. वरून, डावीकडून. म्हणजे गॅलरीतून. म्हणजे बाबा बसतात त्या खुर्चीवरून! तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून स्वतःलाच बघत होते की काय?

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय गं, झाली ना मनाची तयारी?" हो म्हटलं. आणखी काय सांगणार?

आत्ता स्टॉपवॉच घेऊन पलंगावर पडून पुन्हा पोहले. हट्टाने पाण्यातच राहिले. नाकात क्लोरीन, छातीत जाळ, भिंत काही येता येईना. शेवटी लागला हात. डावा.

बटण दाबायचं राहूनच गेलं. वर गॅलरीत बाबांकडे बघायचंही.