शेवटच्या नंबराचा प्लॅन

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार
रुचिरा, लिही. कालच डायरी सुरू करायची ठरली होती, आठवतंय? नाही ना? वाटलंच. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतेस. असो. ही डायरी तुझ्या आजीची, माझी एकटीची. मला अक्षर वाचता येत नाही, म्हणजे हिच्याइतकी सेफ डायरी मुंबईत दुसरी नाही. वाचून दाखवणार तू, आणि तू संध्याकाळपर्यंत सगळं विसरतेस. झकास.

आज आपल्या मंडळाची हॉकी टीम मुलुंडकडून हरली. शून्य-पाच. गोलात तुझा भाऊ ओजस होता. मी वाटीत पाच काळे वाटाणे टाकले. खाल्लेल्या प्रत्येक गोलाला एक वाटाणा, हा माझा हिशोब. कारण: पोराच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. शेजारच्या गॅलरीतून जयवंत भावोजी म्हणाले, वहिनी, ऊन त्याच्या पाठीमागे होतं. भावोजी पोस्टातून रिटायर झालेत. त्यांना उन्हातलं काय कळतं?

हे मंडळ ह्यांनी काढलं हे लिहून ठेव. मिल बंद पडली, मिलची हॉकी टीम बंद पडली, स्टिका तेवढ्या घरी आल्या. ह्यांनी चारकोपची पोरं जमवली. ह्यांचा एकच नियम: मॅच संपली की हरलेल्या टीमला आपल्या घरची आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. जिंकलेल्याचं पोट भरलेलंच असतं म्हणायचे. मी तिसऱ्या मजल्यावरून टोपली दोरीने खाली सोडते. गेली दोन वर्षं टोपली आपल्याच पोरांकडे उतरते. योगायोग.

१६ नोव्हेंबर, रविवार
मॅच घाटकोपरला. तू फोनवर स्कोअर सांगितलास. चार वाटाणे. कारण: परकं मैदान.
निश्चय: पुढच्या रविवारी गॅलरीतून ओरडायचं नाही. पोरांचं लक्ष जातं.

२३ नोव्हेंबर, रविवार, रात्री जेवणाआधी
ओरडले. अंधेरीने सहा घातले. एक आपण घातला, पण तो त्यांच्या पोराच्या पायाला लागून गेला.
मग भावोजी काय म्हणाले ते नीट लिही. म्हणाले, वहिनी, ही पोरं मुद्दाम हरतायत.
मी म्हटलं, काय?
म्हणाले, लीगचा नियम आहे ना, ज्याचा नंबर शेवटचा त्याला जानेवारीत नवा खेळाडू निवडायची पहिली पसंती. ह्या वर्षी गोराईचा हर्षद निवडीला येतोय. होडीवाल्यांचा पोरगा, मनगट असं की बॉल काठीला चिकटून राहतो. सगळ्यांना तोच हवा. म्हणून तुमची पोरं हरतायत. चीटिंग आहे ही.
मी खिडकी लावून घेतली. ह्यांच्या मंडळाला चीटर म्हणतो मेला!
रात्रीची भाकरी थापताना विचार केला. मुद्दाम. आपली पोरं काहीतरी मुद्दाम करतात असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मुद्दाम हरायचं तर आधी जिंकता यावं लागतं ना? खिडकी परत उघडली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
ओजसला बाजूला घेऊन विचारलं, तुमचं ते मुद्दामच चाललंय ना?
म्हणाला, आजी, आम्ही जीव तोडून खेळतोय गं.
मी डोळा मारला. त्याने नाही मारला. पोरगं पोटात गोष्ट ठेवतं. अगदी आजोबांवर गेलंय.

३० नोव्हेंबर, रविवार
भांडुपला हरले. चार. प्लॅनप्रमाणे.

७ डिसेंबर, रविवार
मॅच आपल्याकडे. बोरिवलीने पाच घातले. खाली कठड्यावर बसलेल्या पब्लिकमध्ये दोन पार्ट्या. एक पार्टी म्हणते, मुद्दाम हरतात, लाज वाटली पाहिजे. दुसरी म्हणते, छ्या, मुद्दाम हरायला डोकं लागतं, ते ह्यांच्याकडे कुठाय? तासभर भांडण. मी वरून पहिल्या पार्टीला हात केला. त्यांना वाटलं आजी शिव्या देतेय. गप्प झाले बिचारे.

भीमराजला चहाला वर बोलावलं. आठवडाभर शाळेत पीटीचा सर, रविवारी आपला कोच. म्हटलं, भीमा, तुझा प्लॅन मला कळला.
म्हणाला, कुठला प्लॅन, आजी?
म्हटलं, असंच बोलत जा. अगदी असंच.
चहा अर्धा ठेवून गेला. टेन्शन असतं कोचला.

आणखी एक. कांजूरमार्गची टीमपण एकही मॅच जिंकलेली नाही. आपलं बघून शिकले असणार. नक्कलखोर.

१४ डिसेंबर, रविवार
आज मी स्वतः ऑर्डर दिली. ओजस घरातून निघताना सांगितलं, बाळा, आला बॉल की सोड. हर्षद हवा ना आपल्याला? मग सोड. तो बुटाची नाडी बांधत होता.
सात खाल्ले. बघा, ऑर्डरचा परिणाम. आधीच्या मॅचला पाचच होते.
वाटीत एकूण एकतीस. तू दोनदा मोजलेस, दोनदा चुकलीस.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी
आज मोठं काम केलं. नीट लिही.
प्रत्येक टीमला आपले सातच खेळाडू धरून ठेवता येतात. बाकीचे निवडीच्या यादीत जातात, हर्षदसारख्या नव्या पोरांबरोबर. भीमराज ती सात नावांची यादी घेऊन आला, कारण ह्यांच्या मागे अध्यक्ष मी, आणि माझा अंगठा लागल्याशिवाय कागद पुढे जात नाही.
सातवं नाव ओजस.
मी म्हटलं, खोड. अनंतला घाल. अनंत पळतो तरी. ओजसला कोण उचलणार? एकतीस गोल खाल्लेत पोराने, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. शेवटी उरेल तेव्हा फुकटात आपल्याकडेच येईल. एक जागा वाचली की नाही?
भीमराज म्हणाला, आजी, घरचा पोरगा आहे.
म्हटलं, म्हणून तर. घरचा कुठे जातोय?
अंगठा लावला. ठसा झकास उठला.
ओजस दारात उभा होता. मोरीत जाऊन पॅड धुवायला बसला. समजूतदार पोर.

२८ डिसेंबर, रविवार, दुपारी दोन
शेवटची मॅच. आपण आणि कांजूरमार्ग, दोघांचेही पॉइंट शून्य. जो हरेल तो शेवटचा. जो शेवटचा त्याचा हर्षद. एवढी महत्त्वाची मॅच ह्या मैदानावर पूर्वी झाली नसेल.

माझी ट्रिक अशी: अनंतला आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं, बॉल आपल्याच गोलात मार. काम खल्लास. मारला त्याने, तिसऱ्याच मिनिटाला. मी वर टाळ्या. रेफ्रीने हात हलवला. गोल नाही म्हणे! हॉकीत समोरच्याची काठी लागल्याशिवाय गोल धरतच नाहीत. वर कांजूरला पेनल्टी कॉर्नर दिला. त्यांनी तो मारला थेट पाण्याच्या टाकीकडे.

मिलवाल्या हॉकीपटूशी एक्केचाळीस वर्षं संसार केला, पण हा नियम ह्यांनी मला कधी सांगितला नाही. ह्यांना तसा प्रश्नच पडला नसेल.

मग काय, कोणीच पुढे जाईना. आपली पोरं मागे मागे, त्यांची पोरं मागे मागे, बॉल मधे एकटा. कठड्यावरून ओरडा, अरे, कोणीतरी खेळा ना यार! भावोजी दोन्ही हातांनी गॅलरीचा गज धरून उभे. आता त्यांना पुरावाच मिळाला होता, तर बोलेनात. शून्य-शून्य.

लीगमध्ये बरोबरी चालत नाही. म्हणून शूटआउट. एकेका पोराने एकट्याने बॉल घेऊन यायचं, समोर फक्त गोलकीपर, आठ सेकंद. कांजूरचा पहिला रमतगमत आला, सेकंद संपले. आपलाही तसाच. पब्लिक हसायला लागली. एक जण म्हणाला, ह्यांना खुर्च्या द्या रे, दमले असतील. कांजूरच्या दुसऱ्या पोराला तो बोल लागला. कान लाल झाले त्याचे, मला वरून दिसले. तो खरोखरच धावत आला.

मी गॅलरीतून हात खाली केला, म्हणजे सोड. ओजसने वर बघितलं. माझ्याकडेच बघितलं, शप्पथ. मग बॉलकडे बघितलं. आडवा झाला आणि पायाने असा उडवला की बॉल कठड्याबाहेर.
कठडा उठून उभा राहिला.
मग तिसरा चिडून आला. अडवला. चौथा. अडवला. पाचवा त्यांचा कॅप्टन. त्याला दोनदा अडवला. मी हात खाली करत होते, रुचिरा, तूही बघत होतीस. मग हात कधी वर गेला ते मला माहीत नाही.
आपले मधले तिघंही वेळ काढून परत आले. शेवटी अनंत. बाहेर मारायचा म्हणून डोळे मिटून मारला. खांबाला लागून आत.
आपण जिंकलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. वाट लागली.

टोपली कांजूरमार्गकडे उतरली. आपली पोरं हात धुवून उभी होती, ती तशीच उभी राहिली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ओजसला विचारलं, सांगितलं होतं ना सोड म्हणून? का नाही सोडलास?
म्हणाला, आजी, समोरून आला की सोडता येत नाही गं.
म्हटलं, मग आधीचे एकतीस?
म्हणाला, ते अडवता नाही आले.
हे लिहू नको. लिहिलंस? राहू दे. कोण वाचतंय.

२९ डिसेंबर, सोमवार
नवा प्लॅन. कांजूरवाले पहिल्या पसंतीत हर्षदला घेणार, ते घेऊ देत. दुसरी पसंती आपली. उरलेल्यातला जरा बरा घेऊ आणि सगळ्यात शेवटी ओजस आपोआप घरी. त्यात काही गडबड होऊच शकत नाही. शांत झोप लागली.

४ जानेवारी, रविवार
निवड सोसायटीच्या हॉलमध्ये. माझे गुडघे, त्यात लिफ्ट नाही, म्हणून तू खाली आणि मी फोनला कान लावून.
कांजूरमार्ग, पहिली पसंती. मी हॅलो हॅलो करतेय. मला वाटलं रेंज गेली.
मग म्हणालीस, आजी, ओजस.
म्हटलं, ओजसला फोन कशाला देतेस, नाव सांग त्यांनी घेतलेल्याचं.
म्हणालीस, तेच सांगतेय.
त्यांचा कोच सगळ्यांसमोर म्हणाला म्हणे, गोल घालणारे आमच्याकडे पाच आहेत, अडवणारा एक नाही. आम्ही त्या दिवशी शूटआउटला खरंच चिडून मारलं, आणि हा पोरगा हलला नाही. असा कीपर ह्यांनी यादीत सोडलाच कसा?
दुसरी पसंती आपली. भीमराजने हर्षदला घेतलं. हॉल टाळ्या वाजवत होता.
म्हणजे हर्षद मिळाला. ठरवला होता तोच मिळाला. लिही, प्लॅन सक्सेस.
भावोजी त्यांच्या गॅलरीत होते. मला वाटलं आता टोमणा मारणार. म्हणाले, वहिनी, चहा ठेवायला सांगू का आमच्याकडे?
टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

६ जानेवारी, मंगळवार
भीमराजला म्हटलं, कागद परत आण, माझी चूक झाली. पोरगा कांजूरला गेला तर मी बघणार कसं? मला मैदान दिसतं ते ह्या गॅलरीतून. दुसरं मैदान मला नाही.
म्हणाला, आजी, मी लीगवाल्यांना दोनदा विचारून आलो. कागदावर अंगठा आहे.
म्हटलं, अंगठा कोणाचापण असेल.
ह्या वेळी चहा पूर्ण प्यायला.

ओजस म्हणाला, आजी, तिकडून व्हिडिओ कॉल लावीन ना. लावून दाखवला. मोबाइलात अख्खा गोल माझ्या नखाएवढा.
मी त्याला म्हटलं, तू रागावलास का माझ्यावर, यादीतून काढलं म्हणून?
म्हणाला, तेव्हा रागावलो होतो. आता अख्ख्या निवडीत पहिला नंबर आहे आपला, कशाला रागावू?
'आपला' म्हणाला. म्हणजे कांजूरचा. तिकडे जायच्या आधीच.

९ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळी सहा
खाली प्रॅक्टिस. ओजस चारलाच कांजूरला गेला, दोन बस बदलून. हर्षद खरंच छान खेळतो, खोटं का बोलू. बॉल त्याच्या काठीला चिकटतो. गोलात मारतो, आत जातो. परत मारतो, परत आत जातो. गोलात उभं राहायला कोणी नाही. दर वेळी तोच पळत जाऊन जाळीतून बॉल काढून आणतो.
थोडा वेळ बघितलं. मग खुर्ची फिरवून घेतली.
जयवंत भावोजी म्हणाले, वहिनी, पुढच्या वर्षी कांजूरवाले इथे खेळायला येतील तेव्हा कोणाच्या बाजूने ओरडणार?
खिडकी उघडीच ठेवली.

रुचिरा, डायरी आता बंद. लिहून काय होतंय? परवा रविवारी कांजूरला त्यांची फ्रेंडली मॅच आहे. डबा पाठवायचा. हरलेल्यालाच द्यायचं हा ह्यांचा नियम मला माहीत आहे, तू शिकवू नको. हरू दे नाहीतर जिंकू दे, डबा जाणार. आंबोळ्या तीस, चौदा पोरं आहेत त्यांची आणि ओजस एकटा सहा खातो. सांबारं स्टीलच्या डब्यात, झाकणाला फडकं बांध, बसमध्ये सांडतं. आणि उद्या रात्री काळे वाटाणे भिजत घालायला विसरू नकोस. वाटीतले एकतीस पण त्यातच घाल.