न नांगरलेला अर्धा भाग

मी, खाली सही करणारा, गणित शिकवून निवृत्त झालेला विधुर, शुद्धीवर आहे आणि कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील व्यवस्था लिहीत आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. मागे पत्नी राहील असे मी धरून चाललो होतो.

१. राहते घर मुलगा व सून यांना समाईक. मागच्या दाराची कडी जरा उचलून लावावी लागते.

२. बँकेतील ठेव मुलीला. तिने ती खर्च करावी, जपत बसू नये.

३. सुतारकामाची हत्यारे शेजारच्या शिंप्याला. रंधा त्याने मागून नेला तो परत आणलाच नाही. आता बाकीचीही त्याचीच. मनात काही ठेवत नाही.

४. परसातील जमीन. पत्नीने ती कधी खणली नाही. भाजी निघाली की रोप उपटायचे नाही, जमिनीलगत कापायचे, मूळ आत कुजू द्यायचे. मुळाच्या वाटेने पाणी उतरते, गांडुळे फिरतात, बुरशीचे धागे मातीचे कण बांधून ठेवतात, असे ती सांगे. एकदा तिने पाण्याच्या एका पेल्यात रस्त्याकडेचे ढेकूळ टाकले, दुसऱ्यात परसातले. पहिल्याचा चिखल झाला. दुसरे शाबूत राहिले. "कोणी धरून ठेवलंय हे, सांगा बघू मास्तर," ती म्हणाली.

ती गेली त्याच महिन्यात मुलाने पॉवर टिलर भाड्याने आणला. आईची बाग ओस दिसू नये, एवढाच त्याचा हेतू. अर्धी जमीन उलथून झाल्यावर सून आडवी आली. "आता आधी मला नांगरा," म्हणाली. तेव्हा यंत्र थांबले. पुढच्या पावसात त्या अर्ध्या भागात पाणी तुंबले, उन्हात वर कडक पापुद्रा धरला. मुलाने विचारले, "बाबा, रागावलात?" मी नाही म्हणालो आणि आत गेलो. तेव्हापासून तो परसात पाऊल टाकत नाही.

न खणलेला भाग सुनेला.

५. खणलेला भाग मुलाला. अट एकच: तिथे कुदळ लावू नये. घेवडा लावावा, गवत येऊ द्यावे, वरून कापावे, मुळे आत ठेवावीत. माती पुन्हा बांधली जाते. वेळ लागतो.

६. कलम पाच माझ्या पश्चात अमलात येईल, असे वकील म्हणतात. मी तेवढा थांबणार नाही. मुलगा आत्ता स्वयंपाकघरात चहा करतो आहे. सह्या झाल्या की त्याला हाताला धरून मागे नेणार आहे.

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सही केली:
गल्लीतील डॉक्टर (सही)
पेपरवाला (सही)

लिहून देणार: (सही)

स्थळ: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी