खिळ्यावरचं पाकीट

कारधा,
रविवार, ६ जुलै २०२५

प्रिय कैलाश,

ताईचे भरभरून आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तू कसा आहेस ते मला कळलं आहे, तेव्हा उत्तरात "मजेत आहे" असं लिहू नकोस.

राखी आत ठेवली आहे. तुमची डाक डोंगरावर कधी चढेल याचा नेम नाही म्हणून महिनाभर आधीच टाकते आहे. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच, आणि मग राखी बांधायची की नाही ते तूच ठरव.

एकोडीला आपल्या शेतात धानाचे पऱ्हे चांगले आले आहेत. रोवणी आठवड्याभरात सुरू होईल. मायचा गुडघा सुजला आहे, तरी चिखलाच्या बांधीत उतरायचा तिचा हट्ट काही सुटत नाही. "मी नाई उतरली तर रोवणं वाकडं होते," म्हणते. तुझे भाऊजी तिला आपल्या ऑटोतून भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेले, तर तिथे तिने डॉक्टरलाच धानाचे भाव विचारले. असो.

तू नेहमी विचारायचास, "ताई, पोह्याच्या कारखान्यात तू नेमकं करतेस काय?" मी "पॅकिंग" म्हणून मोकळी व्हायची. पूर्ण खरं नव्हतं ते. दोन वर्षं झाली, मी तिथे चेकर आहे. माल पास झाला की पाकिटावर चेकरच्या नंबराचा शिक्का पडतो आणि ते खोक्यात जातं.

मे महिन्यात सीमेवर पेटलं आणि आमच्या शेठना फौजेची ऑर्डर मिळाली. तयार पोहे, गरम पाणी ओता आणि पाच मिनिटांत खा. गेटवर "जवानांसाठी, देशासाठी" असा फलक लागला. आम्हा बायकांना तिरंगी टोप्या वाटल्या. तुला खोटं नाही सांगत, छाती भरून आली होती. माझ्या हातचं खाणं माझ्या भावापर्यंत जाणार, आणखी काय पाहिजे?

पण पोह्यांना दोन उन्हं लागतात, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. त्यात अवकाळी पाऊस. कागदावर आमच्याकडे वाळवायचं मोठं यंत्र आहे. हारतुऱ्यासकट त्याचा फोटोही काढला. यंत्र मात्र अजून लाकडी खोक्यातच आहे आणि त्या खोक्याखाली कुत्री व्याली आहे. पाच पिल्लं आहेत. त्या यंत्राचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

तपासणीला साहेब आले होते. माझ्याबरोबर पॅकिंगला असणाऱ्या मंगलाबाईंना बस स्टँडवर पिटाळून तिथल्या ठेल्यावरचे तर्री-पोहे आणवले आणि तेच "आमचा नमुना" म्हणून त्यांच्यापुढे ठेवले. साहेबांनी दोन प्लेटा खाल्ल्या, घाम पुसला, "उत्तम" म्हणाले आणि सही करून गेले. एक पोतं उघडलं नाही रे! एकसुद्धा नाही. आम्ही सगळ्या टोप्या घालून रांगेत उभ्या होतो, आणि हे सगळं बघत होतो.

लढाई थांबली, पण ऑर्डर काही थांबली नाही. अर्ध्या उन्हाचा माल भराभर पाकिटांत जात राहिला. खराब म्हणून परत आलेली खोकी मागच्या खड्ड्यात पुरली. त्यात चांगला मालही गेला, कारण निवडत बसायला कोणाला वेळ होता? आणि दुसऱ्याच दिवशी तेवढाच नवा माल भरायला घेतला. धान पिकवणाऱ्याच्या पोरीने हे बघायचं. चीड येते कैलाश, नुसती चीड येते.

आता तुझ्या फोनबद्दल. जूनमधला तो फोन. तू हसत हसत सांगितलंस, "ताई, तुह्या भंडाऱ्याचे पोहे आले होते. कडू जहर! आम्ही एक पाकीट बंकरात खिळ्याले टांगून ठेवलं. त्याच्यावर चेकर नंबर सात लिवलं आहे. रोज सकाळी सात नंबरची आरती करतो, शिव्यांची." मीही हसले. मग "दूध उतू जाते" म्हणून फोन ठेवला. चुलीवर दूध नव्हतं.

सात नंबर मी आहे.

मायने आपल्या दोघांना शिकवलं होतं ना, पोहे मुठीत घेऊन कानाशी दाबायचे. कुरकुरले तर वाळले, गप्प राहिले तर आणखी एक ऊन. मे महिन्यात तुमचा माल पास करायचा होता त्या दिवशी मी मूठ कानाशी नेली. आवाज आला नाही. दुसरं पोतं, तिसरं पोतं, तेच. मी सुपरवायझर प्रफुल्लभाऊंना म्हटलं, "भाऊ, हे ओलं आहे." त्यांनी ओल मोजायचं मीटर दाखवलं. ते मीटर पाण्यात बुडवलं तरी आठच टक्के ओल दाखवतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "रुपाताई, तिकडं जवान उपाशी बसून राहिले, अन् तुमी इथं मूठ कानाले लावून राहिल्या. तुमचा भाऊ आहे ना फौजेत?"

बस, तिथेच मी हरले. तू उपाशी बसलेला डोळ्यांसमोर आला आणि मी शिक्का मारला. तुझ्यासाठी मारला रे, आणि तुझ्याच पोटात गेला. नोकरीची भीती नव्हती असं म्हणणार नाही. तीही होती.

तरी तुझ्या फोननंतर मी मनाची समजूत घातली, की कडू लागले, फेकून दिले, संपलं. पण मागच्या सोमवारी साकोलीच्या स्टँडवर तुझ्या पलटणीतला धम्मदीप भेटला, सुट्टीवर आलेला. त्याने सहज विचारलं, "कैलाशची तब्येत कशी आहे आता? चार दिवस सलाईनवर होता." अकरा जण आजारी पडले, तुला पाठीवर घेऊन खाली आणलं, सगळं त्याच्याकडून कळलं. मला तू आरतीची गंमत सांगितलीस आणि हे गिळलंस. घ्या! भाऊ तसा, बहीण तशी.

त्याच दिवशी मी भंडाऱ्याला कलेक्टर कचेरीत लेखी तक्रार केली. ४ ऑगस्टला चौकशी आहे. शेठ म्हणतात, ओला माल गेटाबाहेर गेलाच नाही, सगळा खड्ड्यात आहे. प्रत्येक खेपेचे थोडे पोहे नमुना म्हणून कपाटात ठेवतात, त्यांच्या जागी आता कुरकुरीत पोहे भरून ठेवले आहेत. बायकांना काय बोलायचं ते पढवून झालं. मंगलाबाई रडत म्हणाल्या, "मले बोलाले लावू नको बाई, माह्या घरी कमावणारं कोन आहे?" शिक्का मारताना मीही तेच केलं. आणि तिकडे नवी ऑर्डर मंजूर झाली आहे. या वेळी ते पोहे कोणाच्या डोंगरावर चढतील, देव जाणे.

माल गेटाबाहेर गेला होता याचा पुरावा माझ्याकडे नाही. तो तुझ्याकडे आहे, खिळ्याला टांगलेला. फोटो नको, फोटोला ते खोटा म्हणतील. तुझ्या वरच्या साहेबांना सांगून, रीतसर चिठ्ठी जोडून, ते पाकीटच पाठव. त्यावर माझा नंबर आहे, तेव्हा सगळ्यात आधी मलाच विचारतील. विचारू देत. जे झालं ते सांगेन. नोकरी जाईल, कदाचित आणखी काही होईल. तुझ्या भाऊजींना सांगितलं आहे. दोन दिवस ऑटोच्या दुरुस्तीतच डोकं घालून होते, आज सकाळी म्हणाले, "चौकशीले जाशील त मी सोडून देईन ऑटोनं."

मायला यातलं काही कळवू नकोस. निदान रोवणी होईपर्यंत तरी.

आजवर ओवाळणीत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. या वर्षी मागते. ते पाकीट दे. राखी नाही बांधलीस तरी चालेल, पण पाकीट पाठव.

तुझी ताई,
रुपा
चेकर नंबर सात